प्रत्येक चौकात ‘स्टॉप’ का नसतो?

घराजवळून भरधाव गाड्या जाऊ लागल्या, की अमेरिकेतल्या वसाहतींमधून नगरपालिकेकडे हमखास एक मागणी जाते: आमच्या चौकात चारही बाजूंना ‘स्टॉप’ची पाटी लावा. लाल, अष्टकोनी पाटी, खर्चही किरकोळ. तरीही वाहतूक अभियंता आधी मोजणी करतो.

तिथल्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेच्या २००९च्या आवृत्तीत त्याचे निकष असे होते: अशा पाट्यांनी टळले असते असे किमान ५ अपघात १२ महिन्यांत नोंदलेले असावेत. किंवा दिवसातल्या ८ तासांत मुख्य रस्त्यावर ताशी सरासरी ३०० वाहनं आणि आडव्या रस्त्यावर वाहनं, पादचारी, सायकली मिळून २०० असावीत. शिवाय ऐन गर्दीत आडव्या रस्त्यावरचं वाहन सरासरी ३० सेकंद तरी खोळंबावं. कोपऱ्यावरून येणारी गाडी दिसतच नसेल, तर तेही कारण धरता येतं.

वेग आवरण्यासाठी मात्र ही पाटी वापरू नये, असं पुस्तिका सांगते. चालक पाटीपाशी थबकतो आणि पुढे जाऊन गेलेला वेळ भरून काढतो. आडव्या रस्त्यावर कुणीच नसतं हे रोज दिसलं, की थांबल्यासारखं करून निघतो. खरा धोका इथेच: पाटीवर विसंबून रस्ता ओलांडणारं मूल आणि न थांबणारी गाडी.

म्हणून आधी कोपऱ्यावरची झुडपं छाटावीत, तिथलं पार्किंग हटवावं. त्रास वेगाचाच असेल, तर गतिरोधक किंवा चौकाच्या मधोमध छोटं वर्तुळ बांधावं. पाटी न जुमानणाऱ्यालाही तिथे वेग कमी करावाच लागतो.