घरी बांधलेलं विमान : भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना हाती आला. ऊर अभिमानानं भरून यावा अशीच ही गोष्ट आहे. तरी ती ऐकताना कौतुकाच्या पाठोपाठ एक शंका डोकावतेच : ‘बांधलं खरं, पण त्यात बसणार कोण?’

ही शंका जगभर आहे, अगदी अमेरिकेतही. तिथे १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिनमध्ये एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन, म्हणजे ईएए, ही हौशी विमानबांधणाऱ्यांची संघटना काढली. आज तिथे घरी बांधलेली विमानं हजारोंनी आहेत आणि दर उन्हाळ्यात ऑशकॉश या गावी त्यांची जत्रा भरते. ही मंडळी स्वतःच्या विमानांबद्दल जे विनोद करतात, ते ऐकून परक्याची भीती दुप्पट व्हावी. ‘विमान म्हणजे काय? हजारो सुटे भाग, एकमेकांना धरून उडायला निघालेले!’ असं म्हणत ते कॉकपिटमध्ये चढतात.

पण अपघातांच्या नोंदी आणि हे विनोद शेजारी ठेवून वाचले की एक मजेशीर गोष्ट दिसते. बाहेरचे लोक ज्याला भितात, तिथे धोका सहसा नसतो. आणि आतले लोक ज्यावर हसतात, धोका नेमका तिथेच असतो.

गैरसमज १ : कुणीही गॅरेजमध्ये जुगाड करतो आणि उडवतो, विचारणारं कुणी नसतं.

वस्तुस्थिती : अमेरिकेत अशा विमानासाठी ‘एक्सपेरिमेंटल’ हा वेगळा वर्ग आहे. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असावं लागतं. हाच तो प्रसिद्ध ‘५१ टक्क्यांचा नियम’. ते सिद्ध करायला बांधणारे वर्षानुवर्षं फोटो आणि वह्या जपून ठेवतात. विमान तयार झालं की एफएए या सरकारी यंत्रणेचा तपासनीस किंवा तिनं नेमलेला प्रतिनिधी ते तपासतो. मग चाचणीचा काळ सुरू होतो. इंजिन आणि पंखा यांची जोडी प्रमाणित असेल तर साधारण २५ तास, नसेल तर ४० तास, ठरवून दिलेल्या हद्दीतच उडायचं, आणि तेही प्रवासी न घेता. त्यानंतरही भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. दर वर्षी तपासणी करावीच लागते.

इथे दुसऱ्या टोकालाही जायला नको. तपासनीस प्रत्येक रिबीट मोजत नाही, आणि सरकार त्या आराखड्याची हमीही घेत नाही. म्हणून कॉकपिटमध्ये प्रवाशाला दिसेल अशी पाटी लावावी लागते : हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे, प्रमाणित विमानांच्या सुरक्षा नियमांत ते बसत नाही. दाराजवळ ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो. तो वाचून पाहुण्याचा चेहरा कसा उतरतो, हा हौशी लोकांचा हुकमी विनोद आहे. पण ती पाटी विनोदासाठी नाही. आपण कशात बसतोय हे प्रवाशाला आधीच कळावं, एवढ्यासाठी ती असते.

गैरसमज २ : हाताला लागेल तो पत्रा आणि नट-बोल्ट वापरून ही विमानं ठोकलेली असतात.

वस्तुस्थिती : आज बरीचशी विमानं किटमधून तयार होतात. ऑरेगॉनची व्हॅन्स एअरक्राफ्ट ही १९७३ पासूनची कंपनी. तिच्या आरव्ही मालिकेतली दहा हजारांहून अधिक विमानं लोकांनी घरी बांधून उडवली आहेत. किटमध्ये विमानाच्या प्रतीचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे येतात आणि त्यांना कारखान्यातच अचूक भोकं पाडलेली असतात. बांधणाऱ्यानं ते जुळवायचे, तात्पुरत्या चिमट्यांनी धरायचे, मग हजारो रिबिटा मारायच्या. काम शेकडो नव्हे, हजार-दोन हजार तासांचं. ‘नव्वद टक्के झालं, आता नव्वद टक्केच राहिलंय’ ही त्यांची जुनी म्हण इथूनच आली. काही विमानं वीस वर्षंही गॅरेजमध्ये पडून असतात. त्यांचा धोका फक्त संसाराला असतो.

घरचं काम कच्चं आणि कारखान्याचं पक्कं, हे समीकरणही दर वेळी खरं ठरत नाही. २०२३ मध्ये व्हॅन्सच्या काही भागांतली भोकं नेहमीसारखी पंचनं न पाडता लेझरनं कापलेली निघाली, आणि पुढच्या कामात त्या भोकांच्या कडांना तडे जाऊ लागले. हे तडे आपापल्या गॅरेजमध्ये भिंगातून पाहणाऱ्या बांधणाऱ्यांच्या नजरेला पडले. कंपनीला भाग बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली. इतर आर्थिक ओझ्यांत हाही बोजा पडला आणि त्या डिसेंबरमध्ये तिनं दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेर पडली.

गैरसमज ३ : हवेत पंख तुटेल.

वस्तुस्थिती : ही सर्वांत मोठी भीती आणि आकडेवारीत सर्वांत कमी दिसणारी. विमानाला उड्डाणात जास्तीत जास्त जेवढा भार सोसावा लागेल असं धरलेलं असतं, त्याच्या दीडपट भार पंखानं सोसावा हा जुना दंडक आहे. नावाजलेल्या किटचे निर्माते पंख उलटा टांगून त्यावर वाळूच्या पिशव्या रचतात आणि हे तपासून पाहतात. अमेरिकेतली अपघात-तपास संस्था एनटीएसबी हिनं २०११ सालच्या अशा विमानांच्या अपघातांचा खास अभ्यास केला आणि २०१२ मध्ये अहवाल दिला. त्यात तिनं स्पष्ट लिहिलं की सांगाडा मोडणं ही या विमानांत सहसा घडणारी गोष्ट नाही.

इतिहासात मात्र आराखडाच चुकीचा निघाल्याचं मोठं उदाहरण आहे. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी १९३४ मध्ये पुस्तक लिहून ‘पू-द्यु-सिएल’, म्हणजे ‘आकाशातली ऊ’, हे छोटं विमान घरी कसं बांधायचं ते लोकांना शिकवलं. इंग्रजांनी त्याला ‘फ्लाइंग फ्ली’, उडती पिसू, म्हटलं. फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये ते बांधण्याची लाट आली आणि पाठोपाठ माणसं मरू लागली. १९३६ मध्ये फार्नबरोच्या वाऱ्याच्या बोगद्यात विमान तपासलं गेलं तेव्हा कारण कळलं. नाक एका मर्यादेपलीकडे खाली झुकलं की पुढच्या-मागच्या पंखांवरची हवा अशी वाहते की दांडा पूर्ण ओढूनही नाक वर येत नाही. ब्रिटननं परवाने थांबवले. पंख काही तुटला नव्हता, गणित चुकलं होतं. म्हणूनच आज शहाणे बांधणारे अनेकांनी उडवून सिद्ध केलेला आराखडा घेतात आणि त्यात ‘थोडी सुधारणा’ करायचा मोह आवरतात.

गैरसमज ४ : इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं.

वस्तुस्थिती : पंखांना उचल मिळते ती त्यांच्यावरून वाहणाऱ्या हवेमुळे. इंजिन बंद पडलं तरी नाक थोडं खाली ठेवून वेग राखला की विमान तरंगत उतरतं. लहान विमान साधारणपणे एक किलोमीटर उंचीवरून नऊ किलोमीटरच्या आसपास पुढे जाऊ शकतं. उंची आणि मोकळी जागा हाताशी असेल तर वैमानिकाला जागा निवडायला वेळ मिळतो.

पण इंजिनाची भीती अगदीच खोटी नाही. हौशी लोकांचा सर्वांत जुना विनोद असा : पुढचा पंखा वैमानिकाला गार ठेवण्यासाठी असतो. खोटं वाटतं? तो बंद करा आणि वैमानिकाला किती घाम फुटतो ते बघा! एनटीएसबीच्या अभ्यासातही इंजिन आणि इंधन यांतले बिघाड आणि हवेत ताबा सुटणं ही दोन कारणं सर्वांत वर आहेत. इंजिनाची नवी जोडणी, इंधनाच्या नळ्या, टाकीचा हवा घेणारा मार्ग, वीजजोडणी, काही विमानांत मोटारीचं बदललेलं इंजिन, ही सगळी त्या एकाच विमानापुरती केलेली जुळणी असते. म्हणून इंधन पूर्ण प्रमाणात इंजिनापर्यंत पोहोचतं का, याची चाचणी करून ती लिहून ठेवावी असा आग्रह त्या अहवालानं धरला.

दोन्ही कारणं एकत्र आली की प्राणघातक ठरतात. उड्डाण करून शे-दोनशे मीटरवर असताना इंजिन गप्प झालं तर वैमानिकाला मागे वळून धावपट्टी गाठावीशी वाटते. वेग कमी असतो, वळण तीव्र होतं, नाक वर राहतं. पंख हवेला फार मोठ्या कोनात भिडतात, त्यांच्यावरून हवा नीट वाहत नाही आणि उचल अचानक सुटते. एवढ्या कमी उंचीवर सावरायला जागा नसते. सरळ पुढे शेतात उतरणं विमानाला परवडतं, माणसालाही.

गैरसमज ५ : सर्वांत जास्त धोका बांधणाऱ्यालाच.

वस्तुस्थिती : २०११ च्या त्या अभ्यासातला सर्वांत डोळे उघडणारा निष्कर्ष हाच. अपघात झालेल्या विमानांपैकी निम्म्याहून जास्त विमानं बांधणाऱ्याची नव्हती, दुसऱ्यानं विकत घेतलेली होती. त्यांतले १४ अपघात तर नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात झाले.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे गायक जॉन डेन्व्हर. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरात त्यांचं लाँग-ईझी हे विमान कोसळलं आणि ते मरण पावले. आराखडा बर्ट रुटन यांचा, नावाजलेला. डेन्व्हर स्वतः अनुभवी वैमानिक, पण हे विमान त्यांनी नुकतंच विकत घेतलं होतं. मूळ आराखड्यात टाकी बदलायचा इंधनाचा कॉक पुढे, हाताच्या टप्प्यात होता. इंधनाच्या नळ्या कॉकपिटबाहेर राहाव्यात म्हणून बांधणाऱ्यानं तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. टाकीत इंधन कमी होतं. तपासाचा निष्कर्ष असा की मागे वळून तो कॉक फिरवण्याच्या खटपटीत विमानावरचा ताबा सुटला. नव्या विमानाची सवय करून घेण्याचं प्रशिक्षण अपुरं होतं, हेही तपासात नोंदलं गेलं.

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा शोधताना जशी फजिती होते तशीच ही अडचण आहे. फक्त इथे शोधायला मिळतात ते काही सेकंद. बांधणाऱ्याला प्रत्येक नळी कुठून कुठे जाते ते पाठ असतं. विकत घेणाऱ्याला चावी मिळते, ती पाठांतराची वर्षं मिळत नाहीत.

गैरसमज ६ : ‘अहो, विमानतळापर्यंतची मोटार जास्त धोकादायक!’

वस्तुस्थिती : हा गैरसमज हौशी मंडळींचा स्वतःचा आहे. ही म्हण मोठ्या प्रवासी विमानांना लागू पडते, घरच्या विमानाला नाही. खासगी लहान विमानांच्या जगातही आकडे बोलके आहेत. एनटीएसबीच्या हिशेबानुसार त्या काळी अमेरिकेच्या लहान विमानांत घरी बांधलेली सुमारे १० टक्के होती. पण २०११ च्या एकूण अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के होता. म्हणजे धोका खरोखर जास्त आहे. तो कल्पनेतला नाही, फक्त लोक दाखवतात त्या जागी नाही.

गैरसमज ७ : मरणावर विनोद करणारे बेफिकीर असतात.

वस्तुस्थिती : ‘उड्डाण ऐच्छिक, उतरणं सक्तीचं.’ ‘इंधन कधी जास्त होत नाही, आग लागली तरच होतं.’ अशा वाक्यांवर हँगरमध्ये हशा पिकतो, पण प्रत्येक वाक्य एकेका अपघात-अहवालाचा सारांश आहे. पहिलं सांगतं, हवामान वाईट असेल तर जाऊ नका. दुसरं सांगतं, टाकी भरा. नवशिक्याला नियमावलीचं पान आठवत नाही, पण हा टोमणा आठवतो.

विनोदाच्या पलीकडचं कामही ही मंडळी करतात. ईएएचे तांत्रिक सल्लागार बांधकाम चालू असताना घरी जाऊन विनामूल्य तपासतात, उड्डाण सल्लागार पहिल्या उड्डाणाआधी वैमानिकाच्या तयारीबद्दल स्पष्ट बोलतात. २०१४ पासून एफएएनं चाचणीच्या काळात ठरावीक अटींवर दुसरा जाणकार वैमानिक सोबत न्यायची मुभा दिली, म्हणजे त्या काळातला धोका कमी व्हावा.

तेव्हा पुढेमागे परदेशात एखाद्या ओळखीच्या हौशी वैमानिकानं ‘चल, एक फेरी मारून येऊ’ म्हटलं, तर पंख हलवून बघू नका. चार प्रश्न विचारा. हे विमान तुम्ही बांधलंय की विकत घेतलंय, आणि विकत घेतलं असेल तर या जातीच्या विमानावर कुणी शिकवलं? चाचणीचे तास पूर्ण झालेत का? आज टाकीत इंधन किती, आणि टाकी बदलायचा कॉक कुठे आहे? उडाल्या उडाल्या इंजिन बंद पडलं तर काय करायचं ठरवलंय? चारही उत्तरं न अडखळता मिळाली तर पट्टा बांधा. एखाद्या उत्तरात ‘काही होत नाही हो’ ऐकू आलं, तर चहा घ्या आणि खालूनच हात हलवा.