गुदमार्गाचा शरीरसंबंध : संकोच नको, घाईही नको

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा कामगार असो, की रोज लोकलने मुंबई गाठणारे नोकरदार जोडपे, मोबाइल आज प्रत्येकाच्या हातात आहे. त्यावर दिसलेले करून पाहावे असे काहींना वाटते. गुदमार्गाचा शरीरसंबंध हा त्यातलाच एक विषय. पडद्यावर मात्र तयारी, विचारपूस, थांबणे हे सारे कापलेले असते. उरते ती घाई. मग दुखापत झाली की माणूस दवाखान्यात येतो आणि ‘मूळव्याध वाटते’ एवढेच सांगतो. खरे कारण डॉक्टरांना कळत नाही आणि योग्य तपासणी राहून जाते.

असे प्रश्न मराठीत पहिल्यांदा विचारले जात आहेत असेही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे दिली. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. शंका विचारण्यात लाज नाही, ही त्या लढ्याची शिकवण आजही लागू पडते.

आधी होकार

दोघांनाही मनापासून हवे असेल तरच हा विषय पुढे न्यावा. रुसवा, धमकी, दारू किंवा ‘सगळे करतात’ या दबावाखाली मिळालेला होकार हा होकार नव्हे. एकदा हो म्हटले म्हणून दरवेळी हो, असेही नसते. मध्येच ‘थांब’ म्हटले की थांबायचे. लग्न झाले म्हणजे बायकोची संमती कायमची मिळाली, हा समज चुकीचा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळाचाही समावेश आहे. सज्ञान व्यक्तींनी संमतीने, खासगीत ठेवलेला समलिंगी संबंध गुन्हा नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती मात्र कायदा मानत नाही.

आणि हे करायलाच हवे असेही काही नाही. ज्याला नको वाटते त्याच्यात काही कमी नसते.

शरीराची रचना

गुदद्वाराशी स्नायूंची दोन वलये असतात. बाहेरचे आपल्या इच्छेने आवळता-सोडता येते. आतले आपल्या हुकमात नाही. भीती वाटली, घाई केली की ते आवळते. म्हणून जोर लावला की दुखते आणि दुखले की ते आणखी आवळते. योनीसारखा ओलावा येथे आपोआप येत नाही आणि आतले अस्तर नाजूक असते. कोरड्या घर्षणाने त्याला बारीक चिरा पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण जंतूंना वाट मिळते.

सुरुवात कशी करावी

पोट साफ असावे. शौचानंतर बाहेरून पाण्याने धुणे पुरेसे आहे. साबणाचे पाणी आत घालू नये, अस्तराला इजा होते. नखे कापलेली असावीत. औषधाच्या दुकानात मिळणारे पाण्याचे वंगण भरपूर वापरावे. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन निरोधासोबत वापरू नये, कारण तेलाने रबर कमकुवत होऊन फाटते.

पहिल्यांदा बाहेरचा स्पर्श, मग हवे असल्यास हातमोजा घातलेले एकच बोट, एवढ्यावरच थांबले तरी चालते. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपल्यास स्नायू सैल पडायला मदत होते. श्वास संथ ठेवावा. गती ज्याच्या शरीरात प्रवेश होतो आहे त्याने ठरवावी. दुखले की थांबावे. बधिर करणारे मलम मुळीच लावू नये: वेदना हा शरीराचा इशारा आहे, तो बंद केला तर जखम होत असताना कळणारही नाही. दारूनेही तेच होते.

आत वापरायच्या वस्तूचा तळ रुंद हवा. बाटली, मेणबत्ती, भाजी अशा वस्तू आत सरकतात आणि कधी कधी त्या काढायला शस्त्रक्रिया करावी लागते. फिशर, भगंदर, सुजलेली मूळव्याध किंवा जुलाब असतील तर बरे होईपर्यंत थांबावे.

संसर्गाचा धोका

असुरक्षित संबंधांच्या प्रकारांत एचआयव्हीचा धोका गुदमार्गाने स्वीकारणाऱ्या जोडीदाराला सर्वांत जास्त असतो. गर्भ राहत नाही म्हणून निरोध नको, हा हिशेब म्हणूनच महागात पडतो. दरवेळी नवा निरोध वापरावा. गुदमार्गानंतर योनीत जायचे असेल तर निरोध बदलावा, नाहीतर आतड्यातले जंतू योनी आणि मूत्रमार्गात जातात. हिपॅटायटिस बी आणि एचपीव्ही या आजारांवर लस आहे. ती आपल्याला लागू आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

निरोध फाटला किंवा वापरलाच नाही आणि जोडीदाराची एचआयव्ही तपासणी माहीत नसेल, तर ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालय गाठावे. संसर्ग टाळणारी औषधे तेव्हाच सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. एचआयव्हीची चाचणी सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रांत मोफत होते आणि माहिती गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे

रक्तस्राव थांबत नसेल, पोटात तीव्र वेदना असतील, ताप आला असेल किंवा एखादी वस्तू आत अडकली असेल तर रात्र असली तरी थांबू नये. वस्तू घरी ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. ती आणखी आत जाते. पू, फोड, सतत दुखणे असेल तरीही दाखवावे. आणि काय झाले ते जसेच्या तसे सांगावे. डॉक्टरांचे काम न्यायनिवाडा करण्याचे नाही, उपचार करण्याचे आहे. खरी हकीकत कळली तर ते काम लवकर आणि नीट होते.