बूट, डायपर आणि कॅमेरे

एखाद्या विषयाला वाहिलेली साइट चांगली चालली की मोठ्या कंपनीपुढे दोन वाटा असतात: ती विकत घ्यायची, नाहीतर शेजारी आपलं दुकान थाटायचं. ॲमेझॉनने गेल्या पंचवीसहून जास्त वर्षांत दोन्ही केलं, कधी कधी एकाच वेळी.

सुरुवात १९९८ मध्ये, आयएमडीबीपासून. चित्रपटांची ही सूची कॉल नीडम या ब्रिटिश माणसाने १९९० मध्ये हौसेने सुरू केली होती आणि जगभरचे चाहते तिच्यात फुकट भर घालत होते. ॲमेझॉनला चित्रपटांच्या कॅसेटी विकायच्या होत्या. पगारी माणसं बसवून तशी सूची कदाचित करता आलीही असती. पण फुकट राबणारे चाहते पगारावर कुठून आणणार? तिने साइट घेतली आणि कारभार नीडम यांच्याकडेच ठेवला. ते पुढे पंचवीसहून जास्त वर्षं प्रमुख होते.

पुढच्याच वर्षी उलटा डाव टाकला. ईबेला शह म्हणून मार्च १९९९ मध्ये ॲमेझॉनने स्वतःचा लिलाव उघडला. पैसा होता, गिऱ्हाईकही होतं. पण विकणारे ईबे सोडेनात, कारण घेणारे तिथे; आणि घेणारे हलेनात, कारण विकणारे तिथे. लिलाव बारगळला. इतरांचा माल आपल्याच पानावर मांडू देण्याची मार्केटप्लेसची कल्पना मात्र या अपयशातूनच २००० मध्ये आली, आणि तिने लिलावापेक्षा कितीतरी जास्त कमावून दिलं.

खरी गंमत बुटांच्या धंद्यात झाली. लास वेगासजवळची झॅपोस जाण्यायेण्याचा टपालखर्च स्वतः सोसायची, बूट वर्षभरात कधीही परत घ्यायची, आणि तिच्या फोनवरच्या माणसांना ठरावीक पाठ दिलेला नसे. प्रमुख टोनी शे विकायला तयार नव्हते. मग जानेवारी २००७ मध्ये ॲमेझॉनने एंडलेस नावाची बूट-पर्सांची वेगळी साइट काढली. माल एका रात्रीत घरपोच, तोही फुकट. पुढे तर या घरपोच सेवेचा दर उणे पाच डॉलर लावला, म्हणजे गिऱ्हाइकालाच वर पाच डॉलरची सूट. तरीही २००८ मध्ये झॅपोसची ढोबळ विक्री अब्ज डॉलरच्या वर गेली. अखेर जुलै २००९ मध्ये सौदा जाहीर झाला. ॲमेझॉनचा शेअर चढत गेल्याने सौदा पुरा होईपर्यंत किंमत १.२ अब्जांवर पोचली. एंडलेसने झॅपोसला गुडघे टेकायला लावले असं मला वाटत नाही. मंदीत आखडलेलं कर्ज आणि नफ्यासाठी मागे लागलेलं संचालक मंडळ यांचा वाटा जास्त असावा. एंडलेस २०१२ मध्ये बंद झाली. झॅपोसचं नाव आणि कारभार मात्र वेगळाच राहिला.

डायपर्स डॉट कॉमच्या वेळी हात जास्त कठोर होता. न्यू जर्सीच्या मार्क लोअर आणि विनीत भरारा यांच्या क्विड्सी कंपनीची ही साइट. डायपरमध्ये नफा नगण्य. पण तान्ह्या मुलाची आई एकदा सवयीची झाली की बाकीचं सामानही तिथूनच घेते, हा हिशेब. ॲमेझॉनने डायपरचे दर सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पाडले आणि आयांसाठी खास सवलत योजना आणली. वॉलमार्टही गिऱ्हाईक म्हणून दारात होती. नोव्हेंबर २०१० मध्ये क्विड्सी ५४.५ कोटी डॉलरला ॲमेझॉनकडे गेली. इथे समांतर दुकान जिंकण्यासाठी नव्हतंच, समोरच्याला टेबलाशी आणण्यासाठी होतं, असं माझं मत. आणि इतकं करून मिळालं काय? नफा होत नाही म्हणून २०१७ मध्ये ॲमेझॉननेच क्विड्सी गुंडाळली. तोवर लोअर यांनी जेट नावाची नवी कंपनी काढून ती ३.३ अब्ज डॉलरला वॉलमार्टला विकलीही होती.

पुस्तकप्रेमींच्या बाबतीत खरेदीच दोनदा करावी लागली. २००८ मध्ये शेल्फारी घेतली, पण वाचकांची गर्दी गुडरीड्सवर वाढत गेली. मार्च २०१३ मध्ये तीही घेतली, तेव्हा तिचे दीड कोटीहून जास्त सदस्य होते. शेल्फारी मग तिच्यातच विरली.

नुसती खरेदी पुरते असंही नाही. ईबेने २००४ मध्ये मुंबईची बाझी सुमारे पाच कोटी डॉलरला घेतली, पाटीवर स्वतःचं नाव लावलं. पण भारताचा बाजार पुढे फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉनने नेला.

कॅमेऱ्यांची परीक्षणं करणारी डीपीरिव्ह्यू ॲमेझॉनने २००७ मध्ये घेतली होती. मार्च २०२३ मध्ये नोकरकपातीच्या लाटेत ती बंद करत असल्याचं जाहीर झालं, तेव्हा जवळजवळ पंचवीस वर्षांची परीक्षणं पुसली जातील या धास्तीने लोक पानं उतरवून ठेवू लागले. जूनमध्ये गिअर पेट्रोल या छोट्या माध्यम कंपनीने ती विकत घेतली. तशीच नवी साइट काढायच्या भानगडीत ती पडली नाही.