चुना कोणाला लावलास? एका पीजेपासून संशोधन-प्रश्नापर्यंत



पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात: "संशोधनासाठी प्रश्न सापडतो कुठे?" सापडण्यासाठी फार लांब जावं लागत नाही, असं माझं मत आहे. आज मी एका पांचट विनोदापासून सुरुवात करून प्रयोगाच्या आराखड्यापर्यंत जाऊन दाखवतो. विनोद माझाच आहे, त्यामुळे पांचटपणाची जबाबदारीही माझी.

माझा रूममेट रसायनशास्त्रात पीएचडी करतो. मी भाषाविज्ञानात. रोज रात्री चहाच्या टपरीवर आमची पीजेंची देवाणघेवाण चालते. "मानधन आलं का?" "मान आलाय, धन यायचंय." किंवा, "सर म्हणाले, तक्त्यात पटापट आकडे टाक." "मग?" "मी म्हटलं, चोरीची वीज आपल्याला चालत नाही." अशा दर्जाचं सगळं. एकदा तो आनंदात येऊन म्हणाला, "थिसिसची दोनशे पानं झाली!" मी म्हटलं, "दोनशे पानं? मग चुना कोणाला लावलास?" तो हसला आणि म्हणाला, "आमच्याकडे चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो बीकरमध्ये असतो, गाइडला लावत नाहीत."

आता हा विनोद उघडून बघू. (विनोद उघडला की मरतो म्हणतात. मरू दे, शवविच्छेदनातूनच वैद्यकशास्त्र शिकतात.)

आधी नाव द्या

शाळेत आपण श्लेष अलंकार शिकलो. एकाच शब्दातून दोन अर्थ निघाले की श्लेष. शब्द न तोडता दोन अर्थ निघाले तर अभंगश्लेष: 'पान' म्हणजे वहीचं आणि विड्याचंही. शब्द तोडावा लागला तर सभंगश्लेष: 'मानधन' फोडून 'मान' आणि 'धन'. बोलीत यालाच आपण कोटी म्हणतो. गडकरी, अत्रे, पु. ल. यांनी कोटीला मराठीत केवढी प्रतिष्ठा दिली ते मी सांगायला नको.

आणखी एक फरक लक्षात ठेवा, कारण प्रयोगात तो फार छळतो. 'शिक्षक दिन' आणि 'शिक्षक दीन' यांचं लेखन वेगळं आहे, पण बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात. उलट 'जरा थांब' मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' यांचं लेखन एक आहे, पण 'ज'चा उच्चार वेगळा. म्हणजे तुमची कोटी कानाची आहे की डोळ्याची, हे आधी ठरवा. कानाची कोटी छापून दिलीत तर वाचणाऱ्याला उत्तर आधीच कळतं.

मग आधीच्यांनी काय म्हटलंय ते बघा

व्हिक्टर रस्किन यांनी 1985 साली मांडलेली कल्पना साधी आहे. विनोदाचा मजकूर दोन वेगवेगळ्या 'पटकथांमध्ये' बसतो आणि त्या दोन पटकथा एकमेकींच्या विरोधात असतात. आपल्या उदाहरणात एक पटकथा थिसिसची, दुसरी पानपट्टीची. 'पानं' दोन्हीकडे बसतं. 'चुना लावणे' सुद्धा दोन्हीकडे बसतं: पानाला लावायचा तो, आणि माणसाला फसवायचं तो. दोन सांधे असल्यामुळे कोटी घट्ट बसते.

दुसरा अभ्यास डेव्हिड स्विनी यांचा, 1979 चा. लोकांना हेडफोनवर वाक्य ऐकवलं. त्यात इंग्रजीतला 'बग' हा शब्द होता. त्याचा एक अर्थ किडा, दुसरा गुप्तपणे ऐकण्याचं यंत्र. काही वाक्यांत कोळी, झुरळं वगैरेंचा उल्लेख करून किड्याचा अर्थ आधीच पक्का केला होता. 'बग' ऐकू येताक्षणी पडद्यावर अक्षरं दाखवायची आणि विचारायचं, हा खरा शब्द आहे का? 'मुंगी' हा शब्द लोकांनी पटकन ओळखला, यात नवल नाही. पण 'हेर' हा शब्दही पटकन ओळखला! म्हणजे संदर्भ किड्याचा असूनही मेंदूत दोन्ही अर्थ क्षणभर जागे झाले होते. तीन अक्षरं उलटल्यावर तपासलं तर फक्त 'मुंगी'चाच फायदा उरला होता. नको असलेला अर्थ मावळला होता. (पुढच्या अभ्यासांत हेही दिसलं की एखादा अर्थ किती रुळलेला आहे यावरही बरंच अवलंबून असतं.)

तिसरा अभ्यास काओ, लेव्ही आणि गुडमन यांचा, 2016 चा. त्यांनी कोट्यांसाठी दोन मापं बनवली. एक, वाक्यात दोन्ही अर्थ किती सारख्या जोराने शक्य आहेत. दोन, त्या दोन अर्थांना आधार देणारे शब्द एकमेकांपासून किती वेगळे आहेत. पहिल्या मापाने कोटी आणि साधं वाक्य वेगळं ओळखता येतं. पण कोट्यांमधली कोणती जास्त मजेदार, हे दुसऱ्या मापाने सांगता येतं. आपल्याकडे 'थिसिस' हा शब्द वहीच्या पानाला आधार देतो, 'चुना' विड्याच्या पानाला. प्रत्येक अर्थाचा साक्षीदार वेगळा.

आणि मग भेग शोधा

हे तिन्ही वाचून झाल्यावर काहीतरी खटकायला हवं. खटकलं का? स्विनींच्या निष्कर्षानुसार 'थिसिसची दोनशे पानं झाली' हे ऐकून संपेपर्यंत विड्याचा अर्थ मावळायला हवा. मग 'चुना' आल्यावर तो परत येतो कुठून? पूर्ण मावळलेला अर्थ मेंदू पुन्हा शोधून आणतो, की तो कुठेतरी धुगधुगत असतो?

हा झाला संशोधन-प्रश्न. 'विनोदाचा भाषावैज्ञानिक अभ्यास' हा प्रश्न नव्हे, ते शीर्षक आहे. मुलाखतीत बहुतेक जण इथेच अडकतात. प्रश्नाला दोन संभाव्य उत्तरं हवीत आणि कोणतं बरोबर हे मोजून ठरवता यायला हवं.

आता आराखडा

एका विनोदाची चार वाक्यं करा:

1. थिसिसची दोनशे पानं झाली? मग चुना कोणाला लावलास?
2. थिसिसची दोनशे पृष्ठं झाली? मग चुना कोणाला लावलास?
3. थिसिसची दोनशे पानं झाली? मग गंडवलंस कोणाला?
4. थिसिसची दोनशे पृष्ठं झाली? मग गंडवलंस कोणाला?

माहिती चौघांतही तीच. बदलतोय फक्त शब्द, आणि तेही दोनच जागी. विनोद पहिल्यात आहे, बाकी तिन्हीत उरतो तो सरळ आरोप. म्हणजे मजा 'पानं'त नाही आणि 'चुन्या'तही नाही, दोघांच्या जोडीत आहे. संख्याशास्त्राच्या तासाला 'इंटरॅक्शन' हा शब्द ऐकून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनी ही चार वाक्यं पाठ करावीत. इंटरॅक्शन म्हणजे हेच.

मग वाक्यं पडद्यावर एकेक शब्द करून दाखवायची. वाचणारा स्पेसबार दाबेल तेव्हा पुढचा शब्द. प्रत्येक शब्दाला किती मिलिसेकंद लागले ते संगणक नोंदवतो. विड्याचा अर्थ धुगधुगत असेल, तर 'चुना' हा शब्द 'पानं'नंतर जितका पटकन वाचला जाईल तितका 'पृष्ठं'नंतर जाणार नाही. पूर्ण मावळला असेल, तर फरक दिसू नये.

आता स्वतःच स्वतःच्या आराखड्यावर हल्ला करा, कारण मुलाखत घेणारे करणारच आहेत. 'पृष्ठं' हा शब्द मुळातच पुस्तकी आहे. वेग त्यामुळे बदलला नाही कशावरून? एकाच माणसाला चारही वाक्यं दाखवली तर दुसऱ्यांदा तो सावध होईल. म्हणून प्रत्येकाला चारांतलं एकच. एका कोटीवरून काहीच सिद्ध होत नाही. अशा बऱ्याच कोट्या हव्यात, आणि मध्ये भरपूर साधी वाक्यं पेरायला हवीत, नाहीतर लोक कोटीची वाटच बघत बसतात. आणि हो, किती हसू आलं याचे गुण मित्रांकडून घेऊ नका. मित्र दया म्हणून गुण देतात, किंवा सूड म्हणून कापतात.

जे आराखड्यात बसत नाही

पहिल्या विनोदानंतर काही आठवड्यांनी रूममेटच्या एका प्रकरणाचा प्लेजरिझम रिपोर्ट आला. साम्य बरंच जास्त निघालं. त्याच्याच छापून आलेल्या पेपरमधला मजकूर त्यात जुळला होता, पण ते समजावून सांगेपर्यंत त्याची दोन रात्री झोप उडाली होती. मला यातलं काही माहीत नव्हतं. टपरीवर चार लोकांसमोर मी सवयीने विचारलं, "काय, दोनशे पानांना चुना लावून झाला का?"

तो हसला नाही. चहा तसाच ठेवून निघून गेला. पुढचे आठ दिवस मी टपरीवर एकटाच होतो.

वाक्य जवळजवळ तेच, शब्द तेच, दोन्ही पटकथा त्याच. तरी त्या दिवशी त्याच्यापुरता विडा पूर्ण विझला होता आणि फक्त आरोप उरला होता. मॅकग्रॉ आणि वॉरेन यांचा 2010 चा एक सिद्धान्त आहे: काहीतरी चुकीचं घडतंय, पण ते निरुपद्रवी आहे, असं एकाच वेळी वाटलं तर हसू येतं. निरुपद्रवीपणा गेला की उरतं फक्त चुकीचं. तो पेपर मी वाचलेला होता. त्यावर वर्गात सादरीकरणही केलं होतं.

मी माफी मागितली, त्याने ती यथावकाश स्वीकारली. पण माझ्या वहीत त्या रात्री एक नवीन ओळ आली: ऐकणाऱ्याची त्या दिवसाची अवस्था हा चलघटक मी कुठेच मोजलेला नाही. तुमच्या आराखड्यातही असा एखादा असेल. मुलाखतीत "तुमच्या अभ्यासाच्या मर्यादा काय?" असं विचारलं, तर 'वेळ आणि निधी' असं गुळगुळीत उत्तर देऊ नका. तो घटक सांगा.

गृहपाठ: तुमच्या ग्रुपमधला सर्वांत पांचट पीजे घ्या, त्याची वरच्यासारखी चार वाक्यं करा आणि हसू नेमक्या कोणत्या शब्दावर टिकून आहे ते शोधा. जमलं तर खाली लिहा. रूममेटने गेल्या आठवड्यात स्वतःहून पाठवलेला असा: "गाइडने प्रकरण पास केलं. आपल्या पासचं पुढच्या माणसाच्या पास केलं."