नीतिपक्ष, भूमिकाखेळांतील

भूमिकाखेळातील काल्पनिक पात्राची नैतिक वृत्ती किंवा खेळातील विश्वव्यापी संघर्षात त्याने घेतलेली बाजू दर्शविणारी, नियमांनी ठरवून दिलेली संज्ञा. इंग्रजीत तीस ‘अलाइनमेंट’ असे म्हणतात. वृत्ती आणि बाजू ह्या दोन गोष्टी एकच नव्हेत. कौरवांच्या बाजूने लढलेल्या भीष्म-द्रोणांविषयीचा प्रश्न भारतीय वाचकास परिचित आहे. ह्या संज्ञेत मात्र दोहोंचा संकर प्रारंभापासूनच झालेला असून, गेल्या सुमारे पन्नास वर्षांत नीतिपक्षाविषयी झालेले बहुतेक वाद त्या संकरातून उद्भवले आहेत.

भूमिकाखेळात काही व्यक्ती एकत्र बसून एक कथा घडवितात. त्यांपैकी एक खेळसंचालक असतो. इतरांपैकी प्रत्येक जण एकेका पात्राच्या वतीने बोलतो व निर्णय घेतो. संचालक भोवतालची सृष्टी, शत्रू आणि इतर सर्व पात्रे सांभाळतो. ज्या कृतीचे फळ अनिश्चित असते, तिचा निकाल फासे टाकून लावला जातो. पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी इ. गुण अंकांच्या स्वरूपात एका कागदावर नोंदलेले असतात व त्यांच्या शेजारीच नीतिपक्षाचा रकाना असतो. बळाची कसोटी फाशाने घेता येते. नीतीची तशी घेता येत नाही. तरीही ती त्याच कागदावर, खेळ सुरू होण्यापूर्वीच नोंदवावी लागते.

ह्या कल्पनेचा उगम नीतिशास्त्रात नसून सैन्याच्या मांडणीत आहे. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) व जेफ पेरन ह्यांनी १९७१ मध्ये चेनमेल ही छोट्या बाहुल्यांच्या साहाय्याने खेळावयाच्या मध्ययुगीन युद्धखेळाची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्या अद्भुतरम्य पुरवणीत कोणते प्राणी कोणत्या सैन्यात घेता येतील, हे सांगण्यासाठी ‘नियम’, ‘तटस्थ’ आणि ‘अराजक’ असे तीन स्तंभ दिलेले होते. बुटके व वीरपुरुष नियमाच्या, तर गॉब्लिन, ऑर्क, ट्रोल इ. अराजकाच्या स्तंभात होते. मांत्रिक दोन्हींकडे होते, कारण ते दोन्ही सेनापतींना हवे असत. ही यादी कोणाच्या शीलाविषयी काहीही सांगत नव्हती; कोणत्या बाहुल्या कोणत्या बाजूस ठेवावयाच्या, एवढेच ती सांगत होती.

नियम व अराजक ह्यांच्या संघर्षाची कल्पना तत्कालीन अद्भुतकथांतून घेतलेली होती. पोल अँडरसन (१९२६–२००१) ह्यांच्या थ्री हार्ट्‌स अँड थ्री लायन्स ह्या कथेत (नियतकालिकात १९५३, ग्रंथरूपाने १९६१) मानवी जगाचा नियम आणि परीलोकाचे अराजक ह्यांचे युद्ध आहे, व तेथे नियमाचा पक्ष हा चांगल्यांचा पक्ष आहे. मायकेल मूरकॉक ह्यांच्या एल्‌रिक ह्या नायकाच्या कथांत (१९६१ पासून) मात्र दोन्ही शक्ती मानवाच्या दृष्टीने सारख्याच घातक ठरतात : अराजक अनिर्बंध झाले, तर जग विस्कटते; नियम अनिर्बंध झाला, तर ते गोठते. म्हणजे नियम हे चांगुलपणाचे दुसरे नाव की केवळ एक जागतिक शक्ती, ह्याविषयी ह्या दोन उगमांतच एकवाक्यता नव्हती.

गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन (१९४७–२००९) ह्यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पहिला प्रकाशित भूमिकाखेळ १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा येथून प्रसिद्ध झाला. त्यात चेनमेलमधील तीन स्तंभ जवळजवळ तसेच आले. मात्र आता त्यांखाली सैन्यांऐवजी एकेकट्या व्यक्तींची नावे घालावयाची होती. खेळाडूने आपले पात्र कोणत्या बाजूचे, हे प्रारंभीच ठरवावे, असा नियम होता. ह्या पहिल्या आवृत्तीत ऑर्कांचे नाव तटस्थ आणि अराजक अशा दोन्ही स्तंभांत आढळते. पुढील वादांच्या संदर्भात हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

एकच मोजपट्टी असल्यामुळे अराजकवादी म्हणजे दुष्ट, असे खेळाडू समजू लागले. गायगॅक्स ह्यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू ह्या नियतकालिकातील एका लेखात ह्या गोंधळाची दखल घेऊन नियम–अराजक ह्या अक्षास छेदणारा सत्–असत् असा दुसरा अक्ष मांडला. जॉन एरिक होम्स (१९३०–२०१०) ह्यांनी संपादित केलेल्या १९७७ च्या प्राथमिक संचात चार कोपरे व मध्य मिळून पाच पक्ष होते. १९७७ ते १९७९ ह्या काळात निघालेल्या तीन प्रगत ग्रंथांत आज रूढ असलेली नऊ पक्षांची चौकट स्थिर झाली. नियमनिष्ठ, तटस्थ व स्वैर हे एका दिशेने आणि सत्प्रवृत्त, तटस्थ व दुष्प्रवृत्त हे दुसऱ्या दिशेने मांडले, की तीन गुणिले तीन अशी नऊ घरे होतात.

ह्या चौकटीची उपयुक्तता कोपऱ्यांच्या घरांत विशेष जाणवते. नियमनिष्ठ सत्प्रवृत्त पात्र दिलेला शब्द पाळते व न्यायासाठी संस्थेचा आधार घेते. स्वैर सत्प्रवृत्त पात्र अन्यायी कायदा निःशंक मोडते. रॉबिन हुड हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय. नियमनिष्ठ दुष्प्रवृत्त पात्र कायद्याच्या अक्षराने माणसे चिरडते, तर स्वैर दुष्प्रवृत्त पात्रास अक्षराचीही गरज वाटत नाही. चांगुलपणा आणि आज्ञाधारकपणा हे दोन वेगळे गुण आहेत, ही गोष्ट ह्या साध्या तक्त्याने जितक्या लोकांच्या ध्यानात आणून दिली, तितक्या लोकांच्या हाती नीतिशास्त्राचा एखादा ग्रंथ क्वचितच पडला असेल.

मधल्या घरांची स्थिती तेवढी समाधानकारक नाही. पूर्ण तटस्थ पात्राने विश्वाचा तोल राखावा, अशी अपेक्षा असे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतील उदाहरणानुसार असे पात्र दुष्ट टोळीचा बीमोड करणाऱ्यांस मदत करील. पण टोळी नष्ट होण्याच्या बेतास आली, की त्यांना सोडून जाईल किंवा थेट टोळीच्या बाजूस मिळेल. माणसे असे वागत नाहीत. तराजू असे वागतो. त्याच आवृत्तीने स्वैर तटस्थ ह्या घरात वेड्यांची गणना केल्यामुळे, सोबत्यांचा खेळ बिघडवू इच्छिणाऱ्या खेळाडूस ते घर सोयीचे झाले.

नीतिपक्ष हे केवळ वर्णन नव्हते, तर त्याचे परिणामही होते. १९७९ च्या संचालकग्रंथानुसार संचालकाने प्रत्येक पात्राच्या वर्तनाची नोंद ठेवावी आणि ते आपल्या घरातून सरकल्यास त्याची अनुभवाची एक पातळी कमी करावी, असा दंडक होता. प्रत्येक पक्षाची एक गुप्त भाषा असे. पक्ष बदलताच जुनी भाषा विसरली जाई व नवी येऊ लागे. हा विचित्र नियम दुसऱ्या आवृत्तीत वगळण्यात आला. दुष्टत्व ओळखणारे मंत्रही होते, त्यामुळे समोरच्याचे अंतरंग त्याच्या कृतीची वाट न पाहता कळू शके. मृत्यूनंतरचे लोकही ह्याच चौकटीप्रमाणे मांडलेले होते. १९७८ च्या ग्रंथात परिपूर्ण नियमबद्धतेच्या लोकास ‘निर्वाण’ हे नाव दिलेले आढळते. बौद्ध संकल्पनेशी त्याचे काहीही साम्य नव्हते व पुढे ते ‘मेकॅनस’ असे बदलण्यात आले. १९८० च्या डीइटीज अँड डेमिगॉड्‌स ह्या ग्रंथात तर इंद्र, अग्नी, वरुण, विष्णू इ. भारतीय देवतांनाही एकेक घर वाटून दिले असून कालीस दुष्प्रवृत्तांत बसविले आहे. एकाच देवतेच्या ठायी संहार व वात्सल्य मानणाऱ्या परंपरेस ही चौकट किती अपुरी पडते, ह्याचे ते ठळक उदाहरण होय.

पॅलडिन हा धर्मयोद्धा ह्या व्यवस्थेत सर्वांत अडचणीत सापडला. १९७८ च्या नियमांनुसार तो नियमनिष्ठ सत्प्रवृत्तच असावा लागे. हेतुपुरस्सर अराजकाचे कृत्य घडल्यास त्याला कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यावे लागे. स्वेच्छेने दुष्कृत्य केल्यास तो आपले पद कायमचे गमावी. त्यामुळे जिंकलेल्या तळावर ऑर्कांची मुले सापडली, तर पॅलडिनने काय करावे, हा प्रश्न असंख्य टेबलांवर वादाचा विषय झाला. ऑर्क जन्मतःच दुष्ट असतील, तर त्यांना सोडणे हा भावी बळींवरील अन्याय ठरतो. मुले निष्पाप असतील, तर ऑर्कांच्या नावापुढील नोंदच खोटी ठरते. नियमग्रंथांत ह्याचे निःसंदिग्ध उत्तर मिळत नाही व ते मिळणे शक्यही नव्हते. सैन्याच्या यादीत ‘ऑर्क : अराजक’ ह्याचा अर्थ ऑर्क पलीकडच्या बाजूस उभे आहेत, एवढाच होता. तीच नोंद वृत्तीचे वर्णन म्हणून वाचली, की एक संपूर्ण जमात जन्माने दोषी ठरते.

ती नोंदही स्थिर नव्हती. १९७४ मध्ये दोन स्तंभांत असलेले ऑर्क १९७७ च्या राक्षसग्रंथात नियमनिष्ठ दुष्प्रवृत्त, तर २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत स्वैर दुष्प्रवृत्त झाले. तिसऱ्या आवृत्तीने अशा नोंदींपुढे ‘सदैव’, ‘बहुधा’, ‘पुष्कळदा’ अशी विशेषणे जोडली. अपवादांना त्यामुळे वाट मिळाली. परंतु नियम अबाधित राहिला. कथालेखकांनी ती वाट आधीच शोधली होती : आर. ए. साल्व्हाटोरे ह्यांच्या १९८८ पासूनच्या कादंबऱ्यांतील ड्रिझ्झ्ट हा कृष्णवर्णी एल्फ आपल्या दुष्ट मानलेल्या जमातीतून बाहेर पडून सत्प्रवृत्त ठरतो. वर्ण व जन्म ह्यांवरून शील ठरविण्याच्या ह्या प्रथेवर अमेरिकेत तीव्र टीका होऊ लागली, तेव्हा २०२० मध्ये प्रकाशकांनी ऑर्क व ड्रो ह्यांचे चित्रण बदलण्याचे जाहीर केले. २०२४ च्या खेळाडूग्रंथात ऑर्क ही खेळाडूंसाठी खुल्या असलेल्या दहा जमातींपैकी एक आहे.

इतर रचनाकारांनी नीतिपक्षाला पर्याय शोधले. रूनक्वेस्ट (१९७८) मध्ये ही संकल्पनाच नाही. केव्हिन सीम्बीडा ह्यांच्या पॅलेडियम पद्धतीने तटस्थता नाकारली. ग्रेग स्टॅफर्ड (१९४८–२०१८) ह्यांच्या पेंड्रॅगन (१९८५) ह्या आर्थर राजाच्या कथाविश्वातील खेळात दया–क्रौर्य, औदार्य–स्वार्थ अशा १३ जोड्या असून प्रत्येक जोडीतील दोन अंकांची बेरीज २० असते. दया वाढली, की क्रौर्य तेवढेच घटते. एखादा गुण १६ किंवा त्याहून अधिक झाला, की तो सर्वत्र ख्यात होतो व प्रसंगी खेळाडूच्या इच्छेविरुद्धही फाशाने प्रकट होऊ शकतो. येथे पात्राच्या वृत्तीचीही कसोटी फासा घेतो. अशा पात्रास सर्वसाधारण नाव नसते, स्वभाव असतो. प्रस्तुत लेखकास ही रचना सर्वांत विचारपूर्वक वाटते.

संगणकीय खेळांत कृतीची नोंद ठेवणे सोपे झाले. रिचर्ड गॅरियट ह्यांच्या अल्टिमा ४ (१९८५) मध्ये प्रारंभी एक भविष्यवेत्ती सात पेच घालते. प्रत्येकात दोन सद्गुणांपैकी एक निवडावा लागतो. पुढे पात्राच्या वर्तनावरून आठ सद्गुण मोजले जातात. औषधी वनस्पती विकणाऱ्या आंधळ्या बाईस किती नाणी द्यावयाची, हे खेळाडूनेच सांगावयाचे असते. कमी दिली, तरी ती हरकत घेत नाही, पण प्रामाणिकपणा घटतो. आठही सद्गुण साधणाऱ्यास मिळणारे ‘अवतार’ हे नाव हिंदू परंपरेतून घेतलेले आहे. प्लेनस्केप : टॉर्मेंट (१९९९) ह्या खेळातील स्मृतिहीन नायक पूर्ण तटस्थ म्हणून प्रारंभ करतो व त्याचा पक्ष त्याच्या कृतींनुसार सरकतो. स्वतःच्या पूर्वचरित्राविषयी अजाण असलेल्या माणसाच्या नावापुढे आधीच शीलाची नोंद करणे विसंगतच ठरले असते.

मूळ खेळात मात्र चौकटीचे महत्त्व चढत-उतरत राहिले. टॉम मोल्डव्हे ह्यांच्या १९८१ च्या प्राथमिक संचाने पुन्हा तीनच पक्ष ठेवले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत पाच घरे उरली व त्यांपैकी एक ‘अपक्ष’ होते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने नऊ घरे परत आणली. पण पॅलडिनवरील सक्ती व बहुतेक शिक्षा काढून टाकल्या. पशूंना तिने कोणताच पक्ष दिला नाही, कारण निवडीची शक्ती नसलेल्यांस नीती लावता येत नाही. पॅलडिनास बांधणारी गोष्ट आता त्याची शपथ असते. त्याच्या कागदावरील पक्षाची नोंद त्याला बांधत नाही. पेझो ह्या प्रकाशनसंस्थेच्या पाथफाइंडर ह्या प्रतिस्पर्धी खेळाने २०२३ मधील सुधारित आवृत्तीत नीतिपक्ष पूर्णपणे वगळला व त्याजागी प्रत्येक पात्राने पाळावयाचे विधी आणि निषेध लिहिण्याची सोय केली. ज्यांना खरोखरच एखाद्या विश्वव्यापी संघर्षात बाजू घ्यावयाची असेल, अशांसाठी ‘पवित्र’ व ‘अपवित्र’ हे दोन शब्द वेगळे राखून ठेवले आहेत.