पाळणा थांबवण्याआधी लांबवायचा असतो

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात कुठल्याही गावात कुटुंबनियोजनाचा विषय काढला, की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: ‘ऑपरेशन’. तेही बाईचं, दोन लेकरं झाल्यावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली आढळली. पुरुषांचा आकडा शंभरात एकाच्याही खाली.

याच पाहणीतली परभणी जिल्ह्याची दुसरी नोंद जास्त बोचणारी आहे. वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के अठराच्या आत बोहल्यावर चढल्या होत्या. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र दिसतं: सतराव्या वर्षी लग्न, लगेच बाळंतपण, पाठोपाठ दुसरं, आणि तेविशीत ऑपरेशन. अंग भरायच्या आतच सगळं उरकलेलं. या मुलीला पाळणा थांबवण्याआधी तो लांबवण्याचं साधन हवं होतं.

मूल कधी, हे बाईला ठरवता यावं, एवढंच र. धों. कर्वे सांगत होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यापायी प्राध्यापकी गेली आणि कोर्टही पाहावं लागलं. आज साधनं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. अडतं ते निवडीपाशी.

निवड करताना साधनाचं नाव नंतर, आधी स्वतःची परिस्थिती पाहावी. पुढचं मूल हवंय का, किती वर्षांनी? बाळ अंगावर पितंय का? रक्तदाबाचा, अर्धशिशीचा त्रास आहे का?

‘पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत’ ही समजूत अर्धीच खरी. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर आणि पाळी अजून आलेली नाही, या तिन्ही अटी जुळल्या तरच. बाळाला वरचं काही सुरू केलं की भरवसा संपला. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जायला निदान दोन वर्षं जाऊ द्यावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

या मधल्या काळासाठी तांबी मला सगळ्यात सोयीची वाटते. बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनी. एक प्रकार पाच वर्षं चालतो, दुसरा दहा; काढली की दिवस राहू शकतात. ती ‘वर चढून काळजात जाते’ ही भीती खोटी. पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जातं, पोट दुखतं, हे मात्र खरं. अंगात रक्त फार कमी असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारीला तर ही बरी, कारण तारीख सांभाळावी लागत नाही. ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं आणि ती तारीख नेमकी कारखान्यावर असताना येते. शिवाय अंतरा बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरात मूल हवं असणारीनं हे ध्यानात घ्यावं. अंतरानं पाळी अनियमित होते किंवा थांबते, तरी ते रक्त ‘आत साचत’ नाही.

गोळ्यांत ‘माला-एन’ रोजची. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पाजत्या आईनं, तसंच रक्तदाब वाढलेल्या बाईनं ती घेऊ नये. ‘छाया’ लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झाली; तिच्यात संप्रेरक नाही, पाजतानाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. वार विसरायचा नाही, एवढंच पथ्य. निरोध नीट वापरला तर उपयोगी, आणि लैंगिक आजारांपासून वाचवणारा यातला तोच. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी अडीअडचणीपुरती. तिचा रतीब लावू नये.

आता पुरुषांचं. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते टळलं. आणीबाणीतल्या त्या जबरदस्तीची धास्ती पुरुषांनी अजून धरून ठेवली आहे, आणि भार बायकोवर टाकायला ती कामीही येते! बिनटाक्याची पुरुष नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची; पोट उघडावं लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. ताकद जात नाही, पुरुषत्वही जात नाही. मात्र त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून खात्री करायची.

आणि बाईनं ऑपरेशनच करायचं ठरवलं, तर त्यासाठी सरकारी नियमांनुसार तिची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही.