हंगामाच्या हिशेबात सुट्टीही धरा

गेल्या वर्षी दिवाळीला चार दिवस उरले होते. शहापूरमधल्या माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीचा सकाळी सकाळी फोन आला. "मावशी, आई थंडीनं कुडकुडून राहिली. तीन ब्लँकेटं टाकली तरी हुडहुडी जात नाही." मी तशीच गेले. स्वयंपाकघरात नानखटाईचा ट्रे अर्धवट भाजून पडला होता. टेबलावर बांधलेल्या पुड्यांची चळत होती. अंगात ताप १०३. पाठीत बरगडीच्या खाली उजव्या बाजूला नुसता हात टेकवला, तर ती कळवळली.

मी विचारले, "लघवीला जळजळ केव्हापासून आहे?"

म्हणाली, "दसऱ्यापासून आहे ताई. घरात एक गोळी होती जुनी, ती घेतली. म्हटलं, ऑर्डरी आहेत ना, दिवाळी झाली का जातो दवाखान्यात."

दिवाळी व्हायच्या आधीच दवाखान्यात जावे लागले. लघवीचा जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. चार दिवस सलाईन आणि इंजेक्शने. घेतलेल्या ऑर्डरी परत कराव्या लागल्या, आगाऊ घेतलेले पैसे फेडावे लागले. महिनाभर राबून मिळवलेले चार दिवसांत गेले. वर लोकांचे बोलणे, की "हिला जमत नसेल तर घ्यायच्या कशाला ऑर्डरी?"

आज तिच्याविषयी लिहिते आहे, कारण आपल्या वस्तीवस्तीत अशा बहिणी आहेत. कोणी केक करते, कोणी नानखटाई, खारी, बिस्किटे, कोणी चकली-शेव. घरात एक ओव्हन किंवा भट्टी, दोन हात आणि दसरा ते दिवाळी हा हंगाम. या कामाचे कौतुक सगळे करतात. या कामाने शरीराचे काय होते, हे फारसे कोणी विचारत नाही.

वीस दिवसांची धावपळ

आमचे शहापूर नागपूर-भंडारा महामार्गावर. नागपूर तासा-दीड तासाच्या अंतरावर. त्यामुळे इथल्या बायांचा हंगाम दीक्षाभूमीपासून सुरू होतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी विजयादशमीला बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून दरवर्षी लाखो माणसे येतात. पुस्तकांचे, मूर्तींचे, निळ्या झेंड्यांचे स्टॉल लागतात, तसे खाण्याचेही लागतात. लांबून आलेला माणूस परतीच्या प्रवासासाठी कोरडा खाऊ घेतो. नानखटाई टिकते, सांडत नाही, म्हणून चांगली खपते.

दसऱ्यानंतर विसाव्या दिवशी लक्ष्मीपूजन. म्हणजे स्टॉल आवरून घरी आले, की लगेच दिवाळीच्या ऑर्डरी. पहाटे चारला उठून पीठ मळायचे, दिवसा भाजायचे, रात्री पुड्या बांधायच्या, आणि मधे घरचा स्वयंपाक, मुलांची शाळा, सासूबाईंची औषधे आहेतच. पाऊस सरलेला असतो, पण ऑक्टोबरचे ऊन तापलेले असते. त्यात ओव्हनशेजारी उभे राहायचे. घाम जातो, पाणी मात्र पोटात जात नाही.

पाणी का पीत नाही?

माझी मैत्रीण स्टॉलवर दिवसाला दोन ग्लासही पाणी प्यायली नव्हती. कारण विचारले, तर सरळ म्हणाली, "पेलं का जावं लागते. स्टॉल सोडून जाऊ कोणाच्या भरवशावर? अन् तिथं रांग किती!"

हे मला नवे नव्हते. मी नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात लागले, तेव्हा रात्रपाळीला मीही हेच करत असे. चाळीस पेशंट, आम्ही दोघी. सात-सात तास लघवी दाबून धरायची. दोनदा संसर्ग झाला, तेव्हा डोळे उघडले. जी बाई दुसऱ्यांना "भरपूर पाणी प्या" सांगते, तीच पीत नव्हती.

यामागचे कारण साधे आहे. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरचा असतो, पुरुषाच्या मानाने फारच आखूड. जंतूंना आत शिरायला वेळ लागत नाही. वारंवार लघवी झाली, की ते धुऊन जातात. पाणी कमी प्यायले आणि लघवी तासन्‌तास धरून ठेवली, की ते आतच वाढतात. जळजळ, सारखे जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे ही पहिली पायरी. थंडी वाजून ताप, उलटी आणि पाठीत बरगडीखाली दुखणे ही पुढची. तेव्हा एक दिवसही घरी थांबायचे नाही.

घरातली उरलेली गोळी घेऊ नये. अर्धवट औषधाने जळजळ दोन दिवस दबते, जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद देईनासे होतात. लघवीची तपासणी करून, डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस औषध पूर्ण घ्यावे. संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, तर रक्तातली साखरही तपासावी.

पाय, पीठ आणि पोळणे

दुसरा भाग पायांचा. दिवसाचे बारा तास एका जागी उभे राहिले, की रक्त पायात साचते. संध्याकाळी घोटे सुजतात, पिंढऱ्यांच्या निळ्या शिरा फुगतात. उभे राहताना एक पाय विटेवर किंवा पाटावर टेकवावा, थोड्या वेळाने पाय बदलावा. अर्ध्या तासाने दहा-पंधरा वेळा टाचा उचलाव्या. पीठ जमिनीवर वाकून मळू नये. कमरेइतक्या उंचीच्या ओट्यावर मळावे. रात्री पाय उशीवर उंच ठेवून झोपावे. एकच पाय अचानक सुजला, दुखला, गरम लागला, तर मात्र चोळत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

तिसरी गोष्ट पिठाची. इटलीचे वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यातही पीठ दळणारे आणि पाव भाजणारे यांच्या खोकल्या-दम्याची नोंद आहे. तीनशे वर्षे झाली, मैदा चाळताना नाकात जातोच. पीठ हळू चाळावे, खिडकी उघडी ठेवावी, तोंडाला मास्क किंवा ओढणी बांधावी, ओटा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा. कामाच्या दिवसांत शिंका-खोकला येतो आणि सुट्टीत थांबतो, असे होत असेल तर ते "सर्दीचं अंग" नसून पिठाची ॲलर्जी असू शकते.

चौथी गोष्ट भाजण्याची. ट्रेचा चटका बसला, की आपल्याकडे टूथपेस्ट, हळद, शाई, काय वाटेल ते लावतात. काही लावू नये. बांगड्या-अंगठी लगेच काढावी आणि भाजलेला भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ नको. फोड फोडू नये, स्वच्छ कापडाने झाकावे. आपल्या तळव्यापेक्षा मोठे भाजले असेल, किंवा चेहऱ्यावर, हातावर, सांध्यावर असेल, तर दवाखाना गाठावा.

आणि या सगळ्यांच्या मुळाशी असते ती रक्ताची कमतरता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे दोघींतली एक. हंगामाच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आपल्या विदर्भात त्यासोबत सिकलसेलचीही तपासणी करावी. आपल्या समाजात हा आजार आहे, आणि तो नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही.

यंदा काय बदलले

यंदा जुलैतच मी तिच्या घरी वही घेऊन बसले. तिच्या हिशेबात मैदा होता, तूप होते, साखर, वीज, पिशव्या, नागपूरचे गाडीभाडे होते. तिची स्वतःची मजुरी नव्हती, आजारपण नव्हते आणि सुट्टी तर मुळीच नव्हती. "सुट्टी कोण देते आम्हाले?" ती हसून म्हणाली.

मी म्हटले, "तूच मालक आहेस ना? मग तूच दे."

किलोमागे दहा रुपये वाढवायचे आणि ते वेगळ्या डब्यात टाकायचे ठरले. गिऱ्हाईक दहा रुपयांसाठी मोडले नाही. दोघी शेजारणींना स्टॉलवर आळीपाळीने घेतले, त्यामुळे दर दोन-अडीच तासांनी एकीला उठता आले. पाण्याच्या बाटलीवर मार्करने रेघा मारल्या, दुपारपर्यंत इथवर, संध्याकाळपर्यंत इथवर. पाळीच्या दिवसांत चार-सहा तासांनी पॅड बदलता आले, ते वेगळेच. रोजच्या ऑर्डरीची संख्या ठरवली. त्याच्या वर आलेल्या माणसाला दुसऱ्या ताईचा नंबर दिला. पुड्या रात्री दहानंतर बांधायच्या नाहीत, हा नियम मुलीने पाळायला लावला. हंगामात साधारण चारशे किलो माल गेला. डब्यात चार हजार जमले.

दोन दिवस बेटावर

त्या पैशातून नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही पाच जणी निघालो. शुक्रवारी वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून विदर्भ एक्स्प्रेस धरली. मैत्रीण गाडीत बसल्या बसल्या झोपली, ती थेट मुंबईतच जागी झाली. चेंबूरला नातेवाइकांकडे अंघोळ-चहा उरकून शनिवारी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीची बोट पकडली.

साधारण तासाभराचा समुद्र. आमच्यापैकी तिघींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. बोट लागू नये म्हणून पोटात हलके खाणे, बोटीच्या मध्यभागी बसणे, मोबाईलमध्ये न पाहता लांब क्षितिजाकडे पाहणे, एवढे पुरते. ज्यांना फार त्रास होतो त्यांनी आधीच डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

सोबत मैत्रिणीची भाची होती. तिला सिकलसेल आहे. अशा मुलींनी फिरायला जाऊ नये असे नाही, पण तयारी हवी. तहान नसली तरी पाणी प्यायचे, बोटीवरच्या गार वाऱ्यात अंग झाकायचे, चढताना दमेपर्यंत चालायचे नाही, रोजच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि तपासणीची फाईल पिशवीत ठेवायची. पाणी कमी पडणे, थंडी आणि अतिश्रम यांनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. भाचीने हे सगळे पाळले, आणि आमच्याआधी वर पोहोचली.

लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघे दुखणारीने टप्प्याटप्प्याने, कठड्याला धरून चढावे. जागतिक वारसा म्हणून १९८७ मध्ये घोषित झालेली ही लेणी शैव शिल्पांसाठी प्रसिद्ध आहेत, पण याच बेटावर बौद्ध स्तूपाचे विटांचे अवशेषही आहेत. सोमवारी लेणी बंद असतात, हे ध्यानात ठेवून बेत करावा.

दुपारी झाडाखाली डबे उघडले. तिथल्या एका विक्रेत्या बाईकडून कळले, की बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ मध्ये. माझी मैत्रीण क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे इथल्या बायांच्या घरी ओव्हन चालायला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं लागली." सुट्टीवरही तिच्या डोक्यात ओव्हनच होता! पण थोड्या वेळाने तिने चपला काढून पाय लांब केले आणि स्वतःच्या घोट्यांकडे पाहत म्हणाली, "ताई, सूज नाही आज."

रविवारी सकाळी दादरला चैत्यभूमीवर वंदना केली, संध्याकाळची परतीची गाडी धरली आणि सोमवारी सकाळी घरी. सोमवारी तिने ओव्हन लावला नाही. तोही दिवस आधीच धरला होता.

सुट्टी म्हणजे चैन नव्हे

दोन दिवसांच्या सहलीने वर्षाचा थकवा जात नाही, हे मला ठाऊक आहे. रोजची पुरेशी झोप आणि आठवड्यातून एक रिकामा दिवस यांची जागा सहल घेऊ शकत नाही. पण ज्या बाईने कधीच सुट्टी घेतलेली नाही, तिला आराम म्हणजे काय हे शरीराने एकदा अनुभवावे लागते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्या काळात १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी वार्षिक सुट्टी मिळाली आणि १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नाही, हे त्यांनी कायद्यात आणले. घरात भट्टी लावणारी बाईही कामगारच आहे. फरक एवढाच, की तिच्या घरात फॅक्टरी इन्स्पेक्टर येत नाही. तिचा कायदा तिलाच करावा लागतो, आणि घरच्यांना तो पाळावा लागतो.

पुढच्या हंगामाच्या आधी एवढे करा:

• हिमोग्लोबिन, साखर आणि सिकलसेलची तपासणी.
• स्टॉलवर जोडीदारीण. दर दोन-तीन तासांनी लघवीला जाणे.
• पाण्याची स्वतःची बाटली, रेघा मारलेली.
• रोजच्या ऑर्डरीची मर्यादा आणि रात्री काम थांबवण्याची वेळ.
• लघवीला जळजळ झाली, तर त्याच दिवशी दवाखाना.
• किलोमागे सुट्टीचे दहा रुपये, वेगळ्या डब्यात.

डब्यावर मैत्रिणीच्या मुलीने मार्करने लिहिले आहे: "आईची सुट्टी. हात लावू नये." पुढच्या वर्षीचे पैसे त्यात पडू लागले आहेत.